अफाट विश्व, भयकथा आणि माणसाचे माप



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पिढीतला मी एक. हिवाळ्याच्या दिवसांत एखाद्या निरभ्र संध्याकाळी ते आम्हांला या इमारतीच्या गच्चीवर नेत. बेळगावात तेव्हा दिव्यांचा झगमगाट आजच्यासारखा नव्हता, आणि देवयानी तारकासमूहातला तो पुसट ढगासारखा ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसत असे. गुरुजी सांगत, हा जो उजेड तुमच्या डोळ्यांत आता शिरतो आहे, तो तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नावाचा प्राणी नव्हता. एकदा आमच्यातल्या एकाने विचारले, "मग गुरुजी, आपण कशासाठी आहोत?" गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी नेहमीप्रमाणे मुले मोजली, सगळी आहेत याची खात्री करून घेतली आणि आम्हांला घरी सोडले.

तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. पुढे इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय झाला, तेव्हा असे ध्यानात आले की या प्रश्नालाही एक इतिहास आहे. तो तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत सापडतो, खगोलशास्त्राच्या नोंदींत सापडतो, आणि ज्या साहित्याला आपण हलकेफुलके म्हणून बाजूला सारतो त्या भयकथांतही सापडतो. शाळेच्या सभागृहात भयकथेवर बोलायचे म्हणजे थोडे धाष्टर्यच आहे. पण सामान्य वाचकाला एखाद्या शास्त्रीय शोधाचा धक्का नेमका कसा बसला हे पाहायचे असेल, तर विद्वत्सभांच्या इतिवृत्तांपेक्षा स्वस्त मासिकांची पिवळी पडलेली पाने पुष्कळदा अधिक प्रामाणिक असतात, असा माझा अनुभव आहे.

विश्व अफाट आहे ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. ब्रह्मदेवाच्या एका दिवसाची ४३२ कोटी वर्षे आपले पूर्वज सहज मोजत होते. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप पाहतो तेव्हा त्याला आनंद होत नाही, तो थरथर कापतो. दिशा कळेनाशा होतात, त्या मुखांत शिरून चिरडली जाणारी सैन्ये दिसतात, आणि शेवटी हा रणधुरंधर हात जोडून विनवतो की देवा, तुझे ते पहिले सौम्य रूप मला पुन्हा दाखव. ज्ञानदेवांनी या प्रसंगातले भय मुळीच झाकलेले नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ते विश्वरूप अर्जुनाला ओळखते. ते त्याच्याशी बोलते, त्याला त्याचे काम सांगते आणि त्याची विनंती मान्य करून पुन्हा सखा होते. युरोपात सतराव्या शतकात पास्कालने अनंत अवकाशाच्या मौनाची आपल्याला भीती वाटते असे लिहून ठेवले. त्याच्या निधनानंतर १६७० मध्ये ते विचार प्रसिद्ध झाले. पास्कालच्या भीतीचे कारण अवकाशाचा आकार हे एकच नव्हते. ते अवकाश काही बोलत नाही, हे खरे दुखणे होते. ज्या विश्वाला आपले नावही ठाऊक नाही त्या विश्वात राहण्याची ही भीती आहे, आणि आजचा विषय तिथून सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकात उष्णतेच्या शास्त्राने एक नवी चिंता निर्माण केली. सूर्य हा शेवटी एक निवणारा गोळा आहे, आणि तो कधीतरी विझणार, हा विचार सुशिक्षित घरांपर्यंत पोहोचला. एच. जी. वेल्स याने १८९५ च्या ‘टाइम मशीन’ या कादंबरीत आपल्या प्रवाशाला तीन कोटी वर्षे पुढे नेऊन एका निर्जन समुद्रकिनाऱ्यावर उभे केले. वर मोठा तांबडा सूर्य, विरळ बोचरी हवा, आणि माणसाची कसलीही खूण नाही. वेल्स हा टी. एच. हक्स्लीचा विद्यार्थी. उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे, हे तो गुरूकडून शिकला होता. १८९८ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळावरून आलेले जीव इंग्लंडची राखरांगोळी करतात. आमच्या ग्रंथालयात या कादंबरीची एक फाटकी प्रत होती आणि आम्ही ती मारामारीची गोष्ट म्हणून वाचली. पुढे पुन्हा वाचताना ध्यानात आले की पहिल्याच प्रकरणात लेखक आपल्या वाचकांना टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण करून देतो. युरोपीय वसाहतकारांनी त्यांना जसे संपवले, तसे मंगळवासीयांनी तुम्हांला संपवले तर तक्रार कोणत्या तोंडाने कराल, असा त्याचा सवाल आहे. साम्राज्य ऐन भरात असताना एका इंग्रज लेखकाने हे लिहावे, याचे मोल मोठे आहे. माणूस विश्वाचा राजा नाही, हे वेल्सने माणसातल्या स्वयंघोषित राजांना ऐकवले.

यानंतर पंचवीस-तीस वर्षांत विश्वाचा नकाशाच बदलला, आणि ते कसे घडले हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावे अशी माझी इच्छा आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट नावाची एक बाई काचेच्या छायापट्टिकांवरचे तारे मोजण्याचे काम करी. तिला ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. तासाला तीस सेंट हा तिचा मोबदला. दुर्बिणीला डोळा लावून वेध घेणे हे तेव्हा पुरुषांचे काम समजले जाई. स्त्रियांनी पट्टिका तपासून आकडे लिहावेत, असा रिवाज. छोट्या मॅगेलनी मेघातल्या पंचवीस रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास करून १९१२ साली तिने दाखवून दिले की या प्रकारचा तारा जितका सावकाश कमी-अधिक तेजस्वी होतो, तितके त्याचे मूळ तेज जास्त असते. हे ऐकायला किरकोळ वाटते. पण विचार करा, रात्री दूरवर दिसणारा कंदील किती मोठा आहे हे आधीच कळले, तर तो किती अंतरावर आहे हे त्याच्या मंद-तेज दिसण्यावरून काढता येते. लेव्हिटने विश्वाला गज दिला. तो लावून काय मोजले गेले, हे पाहायला ती राहिली नाही. १९२१ च्या डिसेंबरात ती वारली.

हार्लो शॅप्लीने हाच गज वापरून १९१८ च्या सुमारास दाखवले की आपला सूर्य आकाशगंगेच्या मध्याशी नाही, पुष्कळ कडेला आहे. कोपर्निकसाने पृथ्वीला मध्यावरून उठवले होते, आता सूर्याचीही उचलबांगडी झाली. २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये शॅप्ली आणि हीबर कर्टिस यांची जाहीर चर्चा झाली. आकाशगंगा हेच सगळे विश्व, असे शॅप्लीचे म्हणणे. देवयानीतल्या तेजोमेघासारखे मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच स्वतंत्र विश्वे आहेत, असे कर्टिसचे. सूर्याच्या जागेबाबत शॅप्ली बरोबर निघाला, मेघांबाबत कर्टिस. पुढे ५-६ ऑक्टोबर १९२३ च्या रात्री माउंट विल्सनवरच्या शंभर इंची दुर्बिणीतून एडविन हबलने देवयानी मेघाचे छायाचित्र घेतले. एका ठिपक्याला त्याने आधी नवतारा समजून तशी खूण केली होती. ती खोडून त्याने तिथे तो रूपविकारी तारा असल्याची नोंद केली आणि पुढे उद्गारचिन्ह घातले. लेव्हिटचा गज लावल्यावर अंतर आले नऊ लाख प्रकाशवर्षांच्या वर. आज आपण ते सुमारे पंचवीस लाख मानतो. हबलचे पत्र वाचून शॅप्लीने, या एका पत्राने माझे विश्व मोडले, अशा अर्थाचे उद्गार काढल्याची आठवण त्याची विद्यार्थिनी सेसिलिया पेन हिने सांगितली आहे. १ जानेवारी १९२५ रोजी हा शोध विद्वत्सभेपुढे रीतसर वाचला गेला.

जाता जाता आपल्या बाजूची एक नोंद. ज्या १९२३ सालात हबलने ते चित्र घेतले, त्याच सालात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी उज्जैनच्या जयसिंगी वेधशाळेची दुरुस्ती करविली. दगडी यंत्रांवरून सूर्याची सावली मोजणारे आणि काचेवरच्या ठिपक्यावरून विश्व मोजणारे एकाच काळात नांदत होते. यात कोणाला कमी लेखण्याचा हेतू नाही. इतिहासात काळ सगळीकडे सारख्या चालीने चालत नाही, इतकेच.

आता त्या भयकथाकाराकडे वळू. हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट याचा जन्म २० ऑगस्ट १८९० रोजी अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावी झाला. तो तीन वर्षांचा असेल-नसेल तोच वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. १८९८ मध्ये ते तिथेच वारले. आजोबांच्या आधाराने घर चालले होते, ते १९०४ मध्ये गेले आणि राहता वाडाही गेला. मुलगा एकलकोंडा, पुस्तकांत रमणारा. बाराव्या-तेराव्या वर्षी त्याला आकाशाचे वेड लागले. गावातल्या लॅड वेधशाळेत त्याला येण्याजाण्याची मोकळीक मिळाली. स्वतःचे खगोलविषयक हस्तलिखित काढून तो त्याच्या प्रती वाटी, आणि पुढे स्थानिक वृत्तपत्रांत आकाशदर्शनाची सदरे लिही. १९०६ च्या ऑगस्टमध्ये, त्याला सोळावे संपत असतानाच, ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्याचे एक पत्र छापून आले. नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असण्याचा संभव आहे, तरी वेधशाळांनी एकत्र येऊन त्याचा शोध घ्यावा, अशी त्यात सूचना होती. हे पत्र आपण ध्यानात ठेवू. त्याचे काम पुढे पडणार आहे.

खगोलशास्त्रज्ञ होण्याचे त्याचे स्वप्न गणिताने मोडले. १९०८ मध्ये प्रकृती ढासळली आणि शालान्त प्रमाणपत्र न घेताच शाळा सुटली. या सभागृहातल्या पालकांनी हा तपशील मुलांपासून लपवू नये, असे मला वाटते. ज्याला ताऱ्यांचे गणित जमले नाही, त्याने ताऱ्यांचे भय लिहिले. १९२३ पासून निघणाऱ्या ‘वीअर्ड टेल्स’ या स्वस्त मासिकात त्याच्या कथा येऊ लागल्या. १९२७ मध्ये संपादकाला लिहिलेल्या एका पत्रात त्याने आपले सूत्र स्पष्ट केले: मानवी नियम, हितसंबंध आणि भावना यांना या अफाट विश्वात कसलेही मूल्य नाही, या गृहीतकावर माझ्या सगळ्या कथा उभ्या आहेत. भुताखेतांच्या जुन्या गोष्टींत भूत निदान कोणाचा तरी सूड घ्यायला येते. त्याला माणसाशी काही देणेघेणे असते. लव्हक्राफ्टच्या कथांत तेही उरले नाही.

याचा उत्तम नमुना म्हणजे १९२७ साली आलेली ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ ही कथा. एका शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उल्का पडते. महाविद्यालयातले प्राध्यापक येतात, तुकडा नेतात, तापवतात, आम्लात घालतात, वर्णपट काढतात. वर्णपटात असे पट्टे दिसतात की ज्यांचा रंग कोणत्याही ज्ञात रंगात बसत नाही. तुकडा हळूहळू विरून जातो. त्या वर्षी शेतात फळे दृष्ट लागावी अशी धरतात, आणि चाखून पाहावीत तर कडू. मग झाडे, गुरे, माणसे एकामागून एक राखी होऊन ठिसूळ होतात आणि घर बसते. शेजारी येणे सोडतात. हे सर्व ज्याने घडवले त्याला शेतकऱ्याशी वैर नाही. बहुधा तिथे शेतकरी आहे हेही त्याला ठाऊक नसावे. कथा वाचताना विहिरीचे पाणी ओढणाऱ्या कोणत्याही घरातल्या माणसाच्या अंगावर काटा येईल. या कथेबद्दल त्याला पंचवीस डॉलर मिळाले, तेही मासिकाकडे पुष्कळ तगादा लावल्यावर.

तथापि लव्हक्राफ्टचे एवढेच वर्णन करून थांबलो, तर ती इतिहासाशी प्रतारणा होईल. १९२४ मध्ये त्याने सोनिया ग्रीन या ज्यू स्त्रीशी लग्न केले आणि तो न्यूयॉर्कला राहायला गेला. नोकरी मिळेना. ब्रुकलिनच्या गल्ल्यांत देशोदेशींचे स्थलांतरित लोक पाहून या माणसाचे पित्त खवळे. त्याच्या पत्रांतले काळ्या, ज्यू आणि आशियाई लोकांविषयीचे उद्गार आज वाचवत नाहीत. १९२५ मध्ये लिहिलेल्या ‘द हॉरर ॲट रेड हुक’ या कथेत हा द्वेष उघडाच आहे. १९२६ च्या एप्रिलमध्ये तो प्रॉव्हिडन्सला परतला, आणि त्याच उन्हाळ्यात त्याने ‘द कॉल ऑफ क्थुलू’ लिहिली. १९२८ मध्ये ती छापली गेली. समुद्राच्या तळाशी निजलेला, ताऱ्यांवरून आलेला अतिप्राचीन जीव हा तिचा विषय. मात्र त्याची पूजा करणारे म्हणून लेखकाने पुन्हा मिश्र रक्ताचे खलाशी आणि परके लोकच निवडले आहेत.

इथे मला थांबून विचारावेसे वाटते. ज्याला खरोखर असे वाटते की विश्वाच्या मापाने माणूस शून्य आहे, त्याला माणसामाणसांतल्या उच्चनीचतेचा एवढा अभिमान कसा राहतो? शून्यात पुन्हा वरचे शून्य आणि खालचे शून्य कोणते? काही अभ्यासक म्हणतात की त्याचे वैश्विक भय वेगळे आणि त्याचा वंशद्वेष वेगळा. पहिले घ्यावे, दुसरे सोडावे. मला हे पटत नाही. आपल्या लोकांचे, आपल्या कुळाचे स्थान मध्यावरून सरकते आहे, या भीतीतूनच दोन्ही निघाली आहेत. शॅप्लीने सूर्य कडेला ढकलला तेव्हा जी हुरहूर वाटली, तीच त्याला गल्लीत परकी भाषा ऐकून वाटली. वेल्सला तोच धक्का बसला आणि त्याने टास्मानियाची आठवण काढली. लव्हक्राफ्टने दार लावून घेतले. आपण सीमाभागातली माणसे आहोत. शेजारच्या घरात वेगळी भाषा बोलली जाते म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणून त्याच्या लेखनातला हा भाग आपण दुरून आणि निर्विकारपणे वाचू शकत नाही. २०१५ साली जागतिक अद्भुतसाहित्य पुरस्काराच्या स्मृतिचिन्हावरून त्याचा मुखवटा काढण्याचे ठरले, तेव्हा पुष्कळ वाद झाला. मला तो निर्णय योग्य वाटतो, आणि त्याच्या कथा वाचत राहाव्यात हेही योग्य वाटते.

आता १९३० सालाकडे येऊ. १८ फेब्रुवारी १९३० रोजी ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बो या चोवीस वर्षांच्या शेतकरीपुत्राला दोन छायापट्टिका ताडून पाहताना एक ठिपका सरकलेला आढळला. १३ मार्चला जगाला बातमी कळली. ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने सुचवलेले प्लूटो हे नाव त्याला मिळाले. बालमित्रांनो, ती तुमच्याच वयाची होती. प्रॉव्हिडन्समध्ये लव्हक्राफ्टला कोण आनंद झाला! सोळाव्या वर्षी ज्याची त्याने वाट पाहिली, तो ग्रह सापडला होता. त्या सुमारास तो ‘द व्हिस्परर इन डार्कनेस’ ही कथा लिहीत होता. त्याने नवा ग्रह लगेच कथेत घेतला आणि मित्राला गमतीने कळवले की हा बहुधा आपला युगॉथच असावा. कथेतले युगॉथवासी माणसांचे मेंदू धातूच्या नळकांड्यांत घालून अवकाशात नेतात.

याच कथेला एक धागा आपल्या मुलखाचाही आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही. नरगुंद येथे १८५४ मध्ये जन्मलेले व्यंकटेश बापूजी केतकर हे येथून फार दूर नसलेल्या बागलकोटला शिक्षक होते. ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ हे संस्कृत ग्रंथ त्यांनी रचले, पंचांगशोधनाच्या वादात चित्रापक्ष हिरिरीने मांडला. पाश्चात्त्य गणित त्यांनी घरी बसून आत्मसात केले होते. १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिषमंडळाच्या पत्रिकेत त्यांचे एक टिपण प्रसिद्ध झाले. नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत, असे त्यांनी मांडले, आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लासला जे प्रमाण आढळले होते, तसेच प्रमाण बाहेरच्या ग्रहांतही असावे, हा त्यांचा तर्क. ब्रह्म्याचे अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८·९५ पट काढले, प्रदक्षिणाकाळ २४२·२८ वर्षे. प्लूटोचे सरासरी अंतर सुमारे ३९·५ पट आणि काळ सुमारे २४८ वर्षे आहे.

हे आकडे ऐकून छाती फुगावी हे साहजिक आहे. माझीही फुगली होती. पण इतिहासकाराने येथे सावध राहिले पाहिजे. १९७८ मध्ये प्लूटोचा उपग्रह शॅरन सापडला, त्यावरून प्लूटोचे वस्तुमान काढता आले, आणि ते पृथ्वीच्या पाचशेव्या भागाच्या आसपास भरले. एवढा चिमुकला गोल मोठ्या ग्रहांच्या गतींना कसले प्रमाण लावणार? केतकरांचे अंतर जुळले हा योगायोग म्हणावा लागतो. ज्याच्या वेधशाळेत प्लूटो सापडला त्या पर्सिव्हल लॉवेलचे भाकीतही असेच योगायोगाने जुळले. २००६ मध्ये तर प्लूटोचे ग्रहपदही गेले. तरीही बागलकोटच्या शाळेत मुलांना शिकवून उरलेल्या वेळात नेपच्यूनपलीकडचा हिशेब मांडणारा तो माणूस मला कमी वाटत नाही. प्रॉव्हिडन्सच्या मुलाजवळ वेधशाळा होती, दुर्बीण होती, गणित नव्हते. बागलकोटच्या शिक्षकाजवळ गणित होते. दोघांनी त्याच अंधाराकडे पाहिले. एकाला तिथे मेंदू पळवणारे जीव दिसले, दुसऱ्याने तिथे ब्रह्मा आणि विष्णू बसवले. प्लूटो सापडला त्याच १९३० सालात केतकर निवर्तले.

लव्हक्राफ्टच्या अखेरच्या वर्षांत त्याच्या लेखनात जो पालट झाला तोही सांगितला पाहिजे. १९३१ मध्ये त्याने ‘ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ ही दीर्घकथा लिहिली. नेहमीच्या संपादकाने ती नाकारली. १९३६ मध्ये ती दुसऱ्या मासिकात आली. दक्षिण ध्रुवाजवळ गेलेल्या संशोधकांना माणसाच्या आधी कोट्यवधी वर्षे वसलेले शहर सापडते. भिंतींवरच्या कोरीव चित्रांतून त्या ताऱ्यांवरून आलेल्या जातीचा इतिहास उलगडतो: वसाहती, युद्धे, कलेचा बहर, मग ऱ्हास. पृथ्वीवरचे जीवन हे त्यांच्या प्रयोगशाळेतून सांडलेले, असेही सूचित होते. माणसाला याहून खाली कोठे बसवणार? आणि नेमक्या याच कथेत निवेदक त्या विद्रूप प्राण्यांची प्रेते पाहून हळहळतो. ते कसेही दिसोत, तेही जिज्ञासू होते, शेवटपर्यंत लढले, तीही एक प्रकारे माणसेच होती, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. ज्याला ब्रुकलिनच्या गल्लीतला शेजारी माणूस वाटला नाही, त्याला बर्फातला पाचकोनी डोक्याचा प्राणी माणूस वाटला. या विसंगतीवर हसावे की रडावे कळत नाही. परंतु त्याच्या एकंदर लेखनात मला ही जागा सर्वांत मोलाची वाटते. १५ मार्च १९३७ रोजी, सेहेचाळिसाव्या वर्षी, आतड्याच्या कर्करोगाने तो वारला. तोवर त्याचे अवघे एक पुस्तक छापले गेले होते.

मृत्यूनंतर ऑगस्ट डर्लेथ या त्याच्या स्नेह्याने १९३९ मध्ये एका सहकाऱ्यासह प्रकाशनसंस्था काढून त्याच्या कथा वाचवल्या. पण स्वतः त्या धर्तीवर लिहिताना डर्लेथने चांगले देव विरुद्ध वाईट देव असा झगडा लावून दिला. मूळ लेखकाच्या विश्वात चांगले-वाईट नव्हतेच. मराठीत हेच निराळ्या तऱ्हेने घडले. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी पाश्चात्त्य भयकथा पचवून त्या मराठी वाड्यांत, मराठी कुटुंबांत आणून रुजवल्या. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटामागेही त्यांच्या कथेची प्रेरणा आहे. बाहेरच्या अंधारातून आत शिरू पाहणाऱ्या शक्ती धारपांकडेही आहेत. मात्र त्यांच्या वाटेत समर्थ उभे असतात आणि आप्पा ती हकीकत आपल्याला सांगतात. समीक्षक याला तडजोड म्हणतील. मला तसे वाटत नाही. अर्जुनाने सौम्य रूप मागितले ती याच जातीची मागणी होती. आपल्या वाचकाला भय चालते, पण अनोळखी विश्व चालत नाही. निदान एकाने तरी आपल्याला नावाने हाक मारावी, असे त्याला वाटते.

तिसरी वाट शास्त्रज्ञांची. फ्रेड हॉइल यांच्या १९५७ च्या ‘द ब्लॅक क्लाउड’ या कादंबरीत सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये एक प्रचंड मेघ येतो आणि तो बुद्धिमान असल्याचे आढळते. एखाद्या घन ग्रहावर बुद्धी उपजू शकते, याचेच त्याला आश्चर्य वाटते. आणि मग तो बोलतो! शास्त्रज्ञ त्याला प्रश्न विचारतात, तो उत्तरे देतो. याच हॉइल यांच्या हाताखाली केंब्रिजला संशोधन केलेले आपले जयंत नारळीकर कोल्हापूरचे जन्मलेले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती, परीक्षकांना लेखक ओळखू येऊ नये म्हणून. कथेला पारितोषिक मिळाले. ज्या काळ्या गर्तेच्या नुसत्या कल्पनेने लव्हक्राफ्टच्या निवेदकाची शुद्ध हरपली असती, तिथे नारळीकरांचा नायक गणित करतो. आयुष्यभर विश्वाच्या आकाराचा अभ्यास केलेल्या या माणसाने आत्मचरित्राचे नाव ठेवले ‘चार नगरांतले माझे विश्व’. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा मला त्यांच्या सिद्धान्तांच्या आधी हे नाव आठवले. वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे. दिक्कालाच्या पसाऱ्यात माणूस कुठे बसतो, या प्रश्नावर त्यांनी पत्ताच लिहून दिला.

शेवटी प्लूटोचे पुढे काय झाले ते सांगतो आणि आपली रजा घेतो. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स हे यान प्लूटोजवळून गेले. टॉम्बो १९९७ मध्ये वारला होता. त्याच्या रक्षेचा थोडा अंश त्या यानात ठेवलेला होता. यानाने पाठवलेल्या छायाचित्रांत विषुववृत्तालगत सुमारे तीन हजार किलोमीटर लांबीचा एक तांबूस-काळा पट्टा दिसला. सूर्यप्रकाशाने मिथेनवर क्रिया होऊन जे डांबरासारखे द्रव्य तयार होते, त्याचा तो रंग. शास्त्रज्ञांनी आपसांत त्याला क्थुलूचे नाव दिले. गणित न जमलेल्या मुलाचे नाव त्याच्या आवडत्या ग्रहावर अशा रीतीने काही वर्षे नांदले. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्या प्रदेशाला अधिकृत नाव दिले, ते बेल्टन या खगोलशास्त्रज्ञाचे. छायाचित्रात त्या काळ्या पट्ट्याच्या शेजारीच नायट्रोजनच्या बर्फाचे पांढरेशुभ्र मैदान आहे. ते ज्या प्रदेशात आहे, त्याला टॉम्बोचे नाव आहे. शाळेच्या ग्रंथालयाला मी ते छायाचित्र आज भेट दिले आहे. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात ते लावावे, अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे.